निवती रॉकवरच्या पाखरांचंही वेळापत्रक आहे, ते आधी मागवून घ्या

प्रति,
मा. प्रधान सचिव, पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन
मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक, कांदळवन कक्ष
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

विषय: वेंगुर्ला रॉक्स बेटसमूह आणि त्यासमोरच्या खाड्यांमधलं कांदळवन (खारफुटी) यांचं एकत्रित संरक्षण करण्याबाबत.

महोदय / महोदया,

भारतीय नौदलाचं निवृत्त जहाज ‘गुलदार’ निवती रॉकजवळच्या समुद्रात तळाशी बसवायचं आणि तिथे पाण्याखालचं संग्रहालय व कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करायची, असा प्रकल्प शासनाने आखला आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी रुपयांहून अधिक निधी मंजूर केला. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तेव्हापासून इथल्या माणसाने आश्वासनं पोटभर ऐकली आहेत. त्यातून खरोखर चार हातांना काम मिळत असेल तर त्याच्या आड यायची माझी इच्छा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या प्रकल्पाबद्दल जे जे वाचायला मिळालं त्यात निवती रॉक फक्त पत्ता म्हणून येतो. त्या पत्त्यावर आधीपासून कोण राहतं, कधी येतं, कधी जातं, याचा उल्लेख मला कुठे दिसला नाही.

म्हणून ते आधी सांगतो.

वेंगुर्ल्यापासून साधारण १४-१५ किलोमीटरवर समुद्रातून वर आलेले हे कातळ. नकाशात वेंगुर्ला रॉक्स, बोलण्यात निवती रॉक. एका बेटावर दीपगृह, शेजारी बर्न्ट आयलंड, भोवती लहानमोठे सुळके आणि सतत आपटणारं पाणी. मोठं झाड नाही. कुत्रा, मांजर, मुंगूस तिथवर पोचत नाहीत आणि नेमक्या याच कारणाने समुद्रपक्षी अंडी घालायला तिथे येतात. सुरय, म्हणजे टर्न, हे त्यांतले मुख्य. शिवाय इथल्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची, म्हणजे स्विफ्टलेट पक्ष्यांची, मोठी वसाहत आहे. देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत बर्न्ट आयलंडचं नाव आहे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेच्या पुस्तकात भेटणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मुळात पक्ष्यांच्या मागे फिरणारे गृहस्थ. १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या वाटेवर ते या खडकांवर आले होते आणि सुरयांच्या विणीच्या खुणा त्यांनी नोंदवून ठेवल्या. म्हणजे ही वसाहत १५० वर्षं लेखी नोंदीत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सातबाऱ्यांपेक्षा जुनी.

इथे वीण करणाऱ्या लगामी सुरयाचं (ब्रायडल्ड टर्न) अंडं कसं असतं हे ज्याने पाहिलेलं नाही त्याला या पक्ष्याची अडचण कळणं कठीण आहे. घरटं असं काही नसतंच. कातळाच्या पुढे आलेल्या कडेखाली, एखाद्या कपारीत, दगडावर किंवा थोड्याशा खडीवर एकच अंडं ठेवलेलं असतं. मळकट पांढरं, त्यावर तपकिरी ठिपके. दोन पावलांवरून नजर फिरवली तरी दिसत नाही. नर-मादी आळीपाळीने साधारण महिनाभर त्यावर बसतात. पोटाखाली धरून ऊब देणं हे त्यांतलं अर्धं काम, आणि भर दुपारी अंड्यावर सावली धरणं हे उरलेलं अर्धं. माणूस बेटावर उतरला की सगळी वसाहत एकदम उठते. वर थवाच्या थवा, कानठळ्या बसतील असा आरडाओरडा. पाहुण्याला हे दृश्य फार आवडतं, तो मोबाइल काढतो, आणि थवा खाली येऊ नये म्हणून पुन्हा एकदा टाळ्या वाजवतो. तोवर खाली कातळ तापलेला असतो आणि अंडं उघडं पडलेलं असतं. त्या हंगामापुरतं त्या जोडीचं ते एकच अंडं. पायाखाली चिरडायचीही गरज पडत नाही.

दुसरा धोका आणखी गुपचूप येतो. बोटीतून उतरलेल्या सामानात एखादा उंदीर बेटावर गेला, तर पुढची कित्येक वर्षं तो तिथेच राहतो. जगभरातल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या वसाहती उद्ध्वस्त केल्या त्या उंदरांनी आणि मांजरांनी, हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. उंदरांना बेटावरून हटवायला लागतो तो खर्च आणि ती यंत्रणा आपल्याकडे नाही. खरकटं टाकलं की कावळे येतात, आणि एकदा आले की अंडीही त्यांना सापडतात. हे सगळं टाळण्याचा उपाय मात्र अगदी फुकटातला आहे: बेटावर कोणी उतरू नये. दीपगृहाचे कर्मचारी सोडून, कोणीही.

पाकोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. हा पक्षी गुहेच्या काळोखात ‘टिक टिक’ असा आवाज काढत त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतो आणि स्वतःच्या लाळेने भिंतीला घरटं चिकटवतो. परदेशात या घरट्यांचं सूप होतं, म्हणून त्यांना भाव आहे. वेंगुर्ला रॉक्सवरची घरटी काढून विकण्याचा धंदा एके काळी उघडकीला आला होता. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने पुढे या पाकोळ्यांच्या रक्षणासाठी काम केलं. ते झालं नसतं तर आज या पत्रात पाकोळ्यांचा परिच्छेद बहुधा भूतकाळात लिहावा लागला असता.

आता मुद्द्याचं, म्हणजे वेळापत्रकाचं. पावसाळ्यात समुद्र बंदच असतो, मग पक्ष्यांना त्रास कसला, असं मला एकदा नाही, अनेकदा ऐकवलं गेलं आहे. हे अर्धं खरं आहे. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. प्रवासी बोटी आणि जलक्रीडा साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद राहतात. सुरयांच्या विणीचा भर पावसाळ्याच्या तोंडापासून पुढे, त्यामुळे त्यांना ही बंदी आपोआप कामी येते. पण जागा धरायला ते उन्हाळा सरता सरताच येऊ लागतात. पाकोळ्यांची वीण तर फेब्रुवारी-मार्चपासूनच सुरू होते. आणि मार्च ते मे हे तीन महिने कोकणातल्या पर्यटनाचे. परीक्षा संपतात, मुंबई-पुण्याच्या गाड्या घाटातून उतरतात, तारकर्ली-देवबागला खोली मिळत नाही. समुद्र शांत, पाणी नितळ, पाण्याखाली जहाज बघायला याहून चांगले दिवस कुठले? गाठ पडते ती इथे. जहाज तळाशी गेलं की त्याच्यासोबत आठवड्याला किती बोटी येणार, कुठे नांगर टाकणार, जहाज बघून झाल्यावर ‘आता बेट पण दाखवा’ असं पाहुणा म्हणाला तर तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, काय सांगायचं, हे आधी ठरलं पाहिजे. पाहुणा तसं म्हणणारच. पैसे मोजून इतक्या लांब समुद्रात आलेला माणूस दीपगृहाच्या बेटाला हात न लावता परत जाईल, हे गृहीत धरणं भाबडेपणाचं आहे.

आमच्या किनाऱ्याने हे एकदा पाहिलेलं आहे. मालवणला स्नॉर्कलिंग सुरू झालं तेव्हा पाण्याखालचा प्रवाळ हेच आकर्षण होतं, आणि त्याच प्रवाळावर उभं राहून फोटो काढले गेले, त्याच्यावरच नांगर पडले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. नियम धंद्याच्या मागून आले, एवढंच.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की हे पत्र बेटांबद्दल आहे, मग विषयात कांदळवन कशाला. कारण बेटावर पक्षी फक्त अंडं घालतो. जेवायला तो समुद्रावर जातो, आणि त्या समुद्रातल्या जेवणाचा बराच भाग खाडीत तयार होतो.

सुकतीच्या वेळी कर्ली खाडीच्या कडेला कांदळाखाली थांबून बघा. चिखल हलताना दिसतो. निवट्या पंखांवर सरपटतात, एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती नांगी हलवत उभे असतात, मुळांना कालवं धरलेली. कांदळाच्या फांदीला वीतभर लांब हिरव्या शेंगा लोंबत असतात. खरं तर त्या शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत. खाली पडली की ओहोटीच्या चिखलात उभी रुततात, नाहीतर तरंगत दुसऱ्या काठाला लागतात. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर डोकावतात, कारण त्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच. बाहेर चिप्पी, आत काजळा, काठाला मरांडीचे काटे. भरती चढली की याच मुळांच्या जाळीत बोटभर लांबीची पिल्लं शिरतात: बोय, तांबोशी, कोळंबी. मोठ्या माशाला आत येता येत नाही. पिल्लं वाढतात आणि बाहेर पडतात. पडलेलं पान कुजून जे बारीक अन्न तयार होतं तेही ओहोटीबरोबर समुद्राकडे जातं. सुरयाची चोच पाहिली तर तो केवढा मासा उचलू शकतो ते कळतं: बोटाएवढा. किनाऱ्याजवळच्या पाण्यात अशा बोटाएवढ्या माशांची रेलचेल राहते, त्यात या खाड्यांचा हात मोठा आहे.

मच्छीमारांना हे सांगायला मी कोण? पाखरं पाण्यावर कुठे सूर मारतात ते बघून पेडव्यांचा थवा ओळखणारे लोक आहेत ते. सुरय जमले म्हणजे खाली बारीक मासा वर आलेला आहे, आणि त्याला खालून मोठ्या माशाने रेटलेलं आहे. पक्षी नाहीसे झाले तर रापणकराचाही, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्याचाही, एक डोळा गेला.

कांदळवनाच्या बाबतीत कायदा कमी आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळतोडीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर स्पष्ट सांगितलं की क्षेत्र कितीही लहान असो, कांदळवनाची जमीन सीआरझेड-एकमध्येच, म्हणजे किनारा नियमनातल्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात येते, आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा. २०१२ पासून राज्याकडे खास कांदळवन कक्ष आहे, २०१५ पासून कांदळवन प्रतिष्ठान आहे. केंद्राच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही किनारा नियमन अधिसूचनांमध्ये मालवणचं नाव संकटप्रवण किनारी क्षेत्रांच्या यादीत आहे. कागदावर सिंधुदुर्गाइतका सुरक्षित किनारा शोधून सापडायचा नाही.

जमिनीवर काय होतं? भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्याचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर होतं, २०२३ च्या अहवालात ३१५. ही खरी घट किती आणि मोजणीतला फरक किती, यावर जाणकारांनी बोलावं. माझी शंका दुसरीकडे आहे. ही मोजणी उपग्रहाच्या चित्रांवरून होते आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा तिच्यात धरला जात नाही. ठाणे-रायगडच्या रुंद खाड्यांना ते चालून जातं. आमच्याकडे डोंगर समुद्रापर्यंत येतात, खाड्या अरुंद, कांदळ बहुतेक ठिकाणी काठाकाठाने पट्टी धरून उभा. कुठे दोन झाडांची रांग, कुठे वळणावरचं एखादं बेट. न्यायालय म्हणतं आकार बघू नका, आणि मोजणी म्हणते लहान असेल तर दिसत नाही. मग जे दिसलंच नाही ते तुटलं, हे कोण सिद्ध करणार? गावनिहाय, पायी फिरून, सर्व्हे नंबरासह नकाशे करणं याला दुसरा उपाय नाही. कर्ली, मांडवी, आचरा, देवगड या खाड्यांपुरतं हे काम एका हंगामात होण्यासारखं आहे.

शिवाय कांदळ मारायला कोयता लागतच नाही. खाडीच्या तोंडाशी बंधारा घातला, पाण्याची ये-जा थांबली, की झाडं उभ्या उभ्या वाळतात. वर्षभराने तिथे वाळलेल्या काठ्या दिसतात आणि पंचनाम्यात ‘नैसर्गिक मर’ असं लिहून मोकळं होता येतं. रस्त्याच्या भरावाखाली नळकांडं बसवायचं राहिलं तरी परिणाम तोच. म्हणून कांदळवन कक्षाने झाडांच्या बुंध्यांबरोबर पाण्याच्या वाटाही तपासाव्यात. भरतीचं पाणी आत येतं का, ओहोटीला बाहेर जातं का, एवढंच बघायचं. उधाणाच्या दिवशी अर्ध्या तासात कळतं.

इथे शेतकऱ्याची बाजू मांडली नाही तर पत्र एकांगी होईल. कोकणात खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, पिढ्यान्‌पिढ्या कसली गेली. खारबंधारे गावाने बांधले, गावाने दुरुस्त केले. पुढे माणसं मुंबईला गेली, बंधारे फुटले, खारं पाणी आत आलं, आणि भाताच्या खाचरात तिवर उगवला. आज सातबारा शेतकऱ्याचा आणि झाड कायद्याचं. बंधारा पुन्हा घालायला गेला तर गुन्हा, नाही घातला तर जमीन गेल्यात जमा. असा माणूस कांदळवनाकडे प्रेमाने बघेल ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडेपालन, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन अशी कामं आहेत. ज्याच्या खाजगी जमिनीवर कांदळ वाढला आहे, त्याला या योजनेत पहिला हक्क द्या. झाड राखण्याचा मोबदला ज्याच्या जमिनीवर झाड आहे त्याला मिळावा, यात कोणाला न पटण्यासारखं काही नसावं.

आणि कृपा करून, रोपं लावायची घाई नको. २६ जुलैला कांदळवन दिन येतो, केंद्राची कांदळ लागवडीची ‘मिष्टी’ योजना २०२३ पासून सुरू आहे, रस्त्यासाठी कांदळ तोडला तर तिप्पट क्षेत्रावर लागवड करण्याचा नियम आहे. या सगळ्यांना जागा हवी असते, आणि सगळ्यांत सोपी जागा म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल. तिथे झाड नाही म्हणून ती रिकामी वाटते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले टिलवे, तुतवार, कुरल याच चिखलात चोच खुपसून पोट भरतात. कुरव आणि सुरय भरती उतरेपर्यंत तिथेच थव्याने विसावतात. तिथे रोपांच्या रांगा उभ्या केल्या तर बहुतेक रोपं मरतात, कारण ती जागा भरतीला फार वेळ पाण्याखाली असते, आणि जी जगतात ती पक्ष्यांचं ताट काढून घेतात. जिथे पूर्वी कांदळ होता आणि पाणी अडल्यामुळे गेला, तिथे पाणी मोकळं करा. बीज समुद्र आणून देतो. मंत्र्यांच्या हस्ते लावायला एखादं रोप हवंच असेल तर ते रेस्ट हाऊसच्या आवारात लावावं, पण मग नारळाचं.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन सफर घडवतात. त्यांचं नाव मुद्दाम घेतो, कारण पर्यटन आणि संरक्षण यांचं जुळतं कसं हे बघायला परदेशी अभ्यासदौऱ्याची गरज नाही. पाहुणा झाड ओळखायला शिकतो, पक्षी बघतो, आणि पैसे गावात राहतात. निवती रॉकच्या बोटींनाही हीच शिस्त का लावू नये? परवाना स्थानिक मच्छीमार सोसायट्यांमधल्या होड्यांना, प्रत्येक बोटीवर प्रशिक्षण घेतलेला गावातला माणूस, आणि बेटापासून ठरावीक अंतरावर कायम बांधलेले बोये, म्हणजे नांगर टाकायची वेळच येणार नाही. अंतर किती ते पक्षीतज्ज्ञांनी ठरवावं. माझ्या मते वसाहत उठणार नाही इतकं, आणि हे प्रत्यक्ष तिथे जाऊनच मोजता येईल. मार्च ते मे या काळात गुहांच्या तोंडासमोर बोट नेण्यास पूर्ण बंदी. बेटांवर ड्रोन नको. भोंगे नकोत. रात्रीचे दिवे तर नकोतच, कारण दमलेला समुद्रपक्षी उजेडाकडे ओढला जातो. दीपगृहाचा झोत आहे तो पुरे, त्याला निदान काम आहे.

सगळ्यांत नाजूक मुद्दा शेवटी ठेवला आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांचा विश्वास आधी मिळवला गेला नाही, आणि त्या एका गोष्टीची किंमत आजतागायत मोजली जात आहे. ‘अभयारण्य’ हा शब्द काढला की मालवणच्या बंदरात बैठक मोडते. बंदी येते ती रापणवाल्यावर येते, आणि पर्ससीनची मोठी वेढा जाळी टाकणारे व एलईडी दिव्यांनी मासे ओढणारे रात्री येऊन समुद्र खरवडून नेतात, ही इथली भावना आहे, आणि ती निराधार म्हणायची माझी हिंमत नाही. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. समुद्रात अंधारात लखलखणारे दिवे किनाऱ्यावरून दिसतात ते मग कशाचे, हे मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा. पक्ष्यांचा मासा पळवणारा कोणी असेल तर तो तिथे आहे. गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यावर गुन्हा दाखल करून सुरय वाचणार नाहीत.

तेव्हा वेंगुर्ला रॉक्ससाठी अभयारण्य मागत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३६-अ खाली ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ ही तरतूद आहे. ती स्थानिकांशी सल्लामसलत करूनच जाहीर करावी लागते आणि लोकांचे हक्क त्यात जात नाहीत. आपल्याच जिल्ह्यात २०२० मध्ये तिळारी आणि त्यानंतर आंबोली-दोडामार्ग अशी क्षेत्रं जाहीर झाली. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावर जे जमलं ते समुद्रातल्या कड्यावर जमायला हरकत नसावी. दीपगृहाची जागा केंद्राच्या अखत्यारीत असल्यामुळे त्यांची संमती लागेल. एक पत्र जाईल, चार स्मरणपत्रं जातील, होईल. कायद्याने या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे आणि संस्थांचे प्रतिनिधी असतात, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचे एकेक. निवती रॉकवर शेती नाही आणि गुरंही नाहीत. मच्छीमार मात्र आहेत, आणि कायदा करणाऱ्यांना ते आठवले नाहीत. तर निवती, भोगवे, देवबाग, वेंगुर्ला इथल्या मच्छीमार सोसायट्यांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला त्या समितीच्या बैठकीत कायम निमंत्रित म्हणून बसवावं. हे अधिसूचनेतच लिहावं. तोंडी शब्दाचा काय उपयोग होतो ते १९८७ पासून पाहतो आहोत. आणि याच समितीकडे कर्ली व मांडवी खाडीतल्या कांदळवनाची देखरेखही द्यावी, म्हणजे बेट एका टेबलावर आणि खाडी दुसऱ्या टेबलावर असं होणार नाही.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, कबूल. पण दोन गोष्टी लगेच होऊ शकतात. येत्या १ मार्चच्या आत बेटांवर उतरण्यास आणि गुहांजवळ बोटी नेण्यास मनाई करणारा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढता येईल. आणि येत्या विणीच्या हंगामात सुरय व पाकोळ्यांची गणना जाणकार संस्थांकडून, स्थानिक तांडेलांना सोबत घेऊन करून घेता येईल. आज किती जोड्या आहेत याचा ताजा जाहीर आकडा नसेल, तर उद्या किती कमी झाल्या हे कोणीच कोणाला दाखवू शकणार नाही. ४६ कोटींच्या प्रकल्पात या गणनेचा खर्च हिशेबाच्या तळटिपेतही मावेल.

या पत्राला उत्तर द्यावं, आणि ते मराठीत, जाहीर द्यावं. निवती, भोगवे, देवबाग आणि वेंगुर्ला या चारही बंदरांवर ते लावता येईल. प्रत लावायला जागा सोसायट्यांच्या फळ्यावर आहे.

आपला,
वेंगुर्ला तालुक्यातला एक पक्षीनिरीक्षक